आल्टोंची ओळ

माबांडला सरांचं पहिलं गाणं
हजेरीच्या वहीत, मागच्या पानावर होतं.
पुढे सातवी ब, गैरहजर अकरा;
मागे चार ओळी, सोप्रानोपासून बासपर्यंत,
अक्षरांत लिहिलेल्या,
कारण म्डान्त्सानेत पाच रेघांचा कागद
मिळत नव्हता.
ड, र, म. मध्ये टिंबं, उभ्या रेघा,
खालच्या सुराच्या पायाशी नखाएवढी खूण.
आम्ही ते वाण्याच्या यादीसारखं वाचायचो
आणि आल्टोंच्या यादीत
एकच जिन्नस असायचा:
सो. सो. सो. सो.

"सर, पान उलटलं तरी आमचा सो उलटत नाही."
ते खडूचे हात पँटला पुसत म्हणाले,
"आढं कधी नाचतं का?"
नोम्बेको म्हणाली,
"पण पाहुणे दाराचा रंग बघतात, सर."

दिवसा मी दवाखान्यात गोळ्या मोजते.
संध्याकाळी सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या.
वीज गेली की सर मोबाईलचा दिवा
एका हातावर पाडून ताल द्यायचे,
आम्हाला फक्त तो हात दिसायचा,
धडावेगळा, आणि अतिशय कडक.
कुणी वारलं की रात्रीत गाणं लिहून द्यायचे.
मानधन म्हणून कोंबडी.
एकदा गाडीची बॅटरी,
गाडी नव्हतीच त्यांच्याकडे.
स्पर्धेत दोनदा दोन गुणांनी हरलो,
परतीच्या टॅक्सीत सर खिडकीवर बोटांनी
पुढच्या वर्षीचं काहीतरी वाजवत होते.

मग ब्रेमेनच्या एका गायकवृंदाचं पत्र आलं.
गाणं हवंय, पण ही अक्षरं आम्हाला लागत नाहीत,
रेघांच्या लिपीत पाठवा.
एक्कावन्नाव्या वर्षी सर
दर शनिवारी ईस्ट लंडनला जाऊ लागले,
निवृत्त ऑर्गनवादक बाईंकडे,
दहा वर्षांच्या दोन मुलींच्या मध्ये बसून शिकायला.
आम्हाला म्हणाले,
"आपल्या लिपीत प्रत्येक सुराला नाव असतं.
यांच्याकडे नुसता मजला लिहितात."

आमच्या भाषेत तीन चुटक्या आहेत,
दातांची, टाळूची, गालाची.
ब्रेमेनचं रेकॉर्डिंग आलं, सरांनी फोन टेबलावर ठेवला,
आणि दुसऱ्याच शब्दाला
साठ पाली एकदम चुकचुकल्या.
सर चष्मा काढून हसले.
हसता हसता थांबले.
"सूर मात्र पक्के आहेत," म्हणाले,
"आपल्यापेक्षा पक्के."
त्या दिवशी तालीम झाली नाही.

पंचविसाव्या वर्षी नवीन गाणं आलं.
मी पान उलटलं, पुन्हा उलटलं,
शेजारणीचं पान बघितलं.
चाल आमच्याकडे होती.
सोप्रानोंच्या ओळीत
सो. सो. सो. सो.
त्यांनी सरांकडे असं पाहिलं
जसं सासरी ताटात शिळं वाढलंय.

आम्ही उचललं, आणि पडलो.
बाकी सगळे दबक्या आवाजात,
आमचं ऐकण्यासाठी.
कुणी ऐकतंय म्हटल्यावर
गळ्याला स्वतःचं वजन पेलेना.
नोम्बेको म्हणाली, "सर, त्यांनाच द्या, त्यांना सवय आहे."
सर म्हणाले, "चूक गा. पण मोठ्यानं."
तीन महिने आम्ही मोठ्यानं चुकलो.

कार्यक्रमाच्या रात्री चाल बरी चालली होती,
तेवढ्यात मला खाली काहीतरी हलताना ऐकू आलं.
सोप्रानोंचा सो.
सुंदर आवाज सगळे,
पण एका जागी उभं राहणं
त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.
आढं करकरत होतं.
तिसऱ्या कडव्यात माझ्या डाव्या कानाशी
नोम्बेकोनं चाल सोडली
आणि सो धरला.
सरांनी पाहिलं.
हात थांबवला नाही.

ब्रेमेनला गेलेल्या प्रतीत, रेघांच्या लिपीत,
त्या जागी वर शिसपेन्सिलीनं लिहिलंय:
एक आल्टो, कोणतीही,
इथे घरी परत.